शिदोरी आणि बियाणे : परदेशी स्थायिक होण्याची आर्थिक तयारी

परदेशी कायमचे जायचे म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती व्हिसाची, विमानभाड्याची आणि थंडीची. पैशाचा विचार होतो तो ‘किती लागतील?’ एवढ्यापुरताच. वस्तुतः कोणता पैसा न्यावा आणि कोणता मागे ठेवावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कॅनडाचे उदाहरण घेऊन त्याचा विचार करू.

कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ योजनेत भारतातून कुशल कामगार म्हणून अर्ज करणाऱ्यास, तेथील नोकरी आधी पक्की नसेल तर, निर्वाहनिधीचा पुरावा द्यावा लागतो. जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ही रक्कम एकट्यासाठी १५,२६३ व चौघांच्या कुटुंबासाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर होती. हा पैसा उसना चालत नाही. घरादाराची वा जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. आणि बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही दाखवावी लागते. तेव्हा अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून आणून खात्यात भरलेली रक्कम कामाची नाही.

या अटी जाचक वाटल्या तरी निरर्थक नाहीत. नव्या देशात आपली पत कोरी असते. इथल्या बँकेतील वर्षानुवर्षांचा चोख व्यवहार तिथल्या घरमालकाच्या हिशेबी नसतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरकारी आरोग्यविमा लागू होण्यापूर्वी, आल्याचा महिना संपून आणखी दोन महिने जावे लागतात. तोवर खाजगी विम्याचा खर्च आलाच. गाठीला पैसा असेल तरच पहिली मिळेल ती नोकरी नाकारून आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी शोधता येते. ही झाली शिदोरी.

रुपये बाहेर पाठविण्यासही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २००४ साली सुरू केलेल्या उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा तेव्हा वर्षाला २५,००० अमेरिकी डॉलर होती. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. मात्र एप्रिल २०२५ पासून, अशा कारणासाठी आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांहून अधिक पाठविल्यास वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर गोळा करते. विवरणपत्र भरल्यावर तो देय करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसा अडकतो. म्हणून रक्कम शक्य तर दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवावी.

आता मागे राहणाऱ्या पैशाविषयी. अनिवासी झाल्यावर इथले बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. भविष्य निर्वाह निधीचे जुने पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालविता येते, नवे उघडता येत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न शेतजमिनीचा. निर्वाहनिधीत जमीन धरत नाहीत, म्हणून ती विकून रोकड करण्याचा मोह होतो. परंतु परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी भारतीयास पूर्वीची जमीन राखता येते, वारसाहक्कानेही मिळते. विकत मात्र घेता येत नाही. तेव्हा विकलेले शेत, परदेशी असेतोवर, दुप्पट पैसे मोजूनही परत घेता येणार नाही. दोन वर्षे उशिरा निघावे लागले तरी चालेल, पण निधी पगाराच्या बचतीतून उभारावा. वाटेत शिदोरी संपली तर नवी बांधता येते. बियाणेच दळून खाल्ले तर पेरायचे काय?