जास्वंदीची छाटणी : किती कापावे, किती राखावे

अंगणातील जास्वंद पाच-सात वर्षे न छाटता वाढू दिली, तर ती डोक्याच्या वर जाते, खालचे खोड उघडे पडते आणि फुले हात न पोहोचणाऱ्या शेंड्यांवरच येऊ लागतात. याचे कारण असे, की जास्वंदीची कळी नव्या फुटीवरील पानाच्या बेचक्यात धरते, आणि शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक, म्हणजे वाढीचे नियमन करणारे द्रव्य, खालच्या डोळ्यांना दबवून ठेवते; वनस्पतिशास्त्रात यास अग्रप्रभाव म्हणतात. शेंडा कापला, की हा दाब उठतो आणि खालचे डोळे फुटतात. मात्र ही फूट झाड कोणत्या शिदोरीवर काढणार, हा प्रश्न छाटणीपूर्वी विचारावा लागतो, आणि प्रस्तुत लेखकाने तो विचारला नव्हता.

नाशिक परिसरात एप्रिलमधील द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या काड्या एक-दोन डोळे राखून कापणे, नित्य पाहण्यात असल्याने, तोच कित्ता गिरवत लेखकाने एका एप्रिलच्या मध्यास सुमारे 8 फूट उंचीची जुनी जास्वंद, एकही पान न राखता, गुडघ्याएवढी कापली. द्राक्षवेल मुळात पानगळीच्या प्रकृतीची असते, तिच्या मुळांत व ओलांड्यांत अन्नाचा साठा असतो आणि बागायतदार खतपाण्याची तयारी करूनच छाटणीस हात घालतो. जास्वंद सदाहरित असून, तिचे अन्न प्रामुख्याने अंगावरच्या पानांतच रोजच्या रोज शिजते, हा भेद ध्यानात घेतला गेला नाही.

परिणाम पंधरवड्यातच दिसला. आजवर पानांच्या सावलीत राहिलेली साल दुपारच्या उन्हाच्या बाजूने तडकली, आणि नखाने खरवडल्यावर सालीखाली हिरवा, ओलसर थर दिसण्याऐवजी तपकिरी, कोरडे लाकूड लागले. चार मुख्य फांद्यांपैकी दोन वाळल्या. उरलेल्या दोहोंवर आलेली लुसलुशीत फूट पिठ्या ढेकणांनी वेढली, आणि त्या वर्षी गणपतीला वाहायची लाल फुले घरी झाड असूनही बाजारातून आणावी लागली.

यावरून इतरांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. महाराष्ट्रात जास्वंदीची मोठी छाटणी थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत, किंवा पाऊस नीट लागल्यावर जूनमध्ये करावी. कडक उन्हाळा टाळावा. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग काढू नये, म्हणजेच अति वाढलेले झुडूप एका दिवसात नव्हे, तर तीन हंगामांत आटोक्यात आणावे. प्रथम वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढाव्यात, नंतर सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक-दोन उतरवाव्यात. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा घ्यावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि नवी फांदी बाहेर पसरते. बोटाएवढ्या फांदीस धारदार सिकेटर पुरतो. त्याहून जाड फांदीस करवत लावावी, कारण बोथट दाबाने साल चिरडते व जखम भरत नाही. जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद व चुन्याचा लेप, लावावा. घरगुती प्रमाण 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना व 1 लिटर पाणी असे असून, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत आणि मोरचुदास लोखंडी भांडे वापरू नये. पाने कमी झाल्याने झाड पाणीही कमी ओढते, म्हणून फूट येईपर्यंत आळे केवळ ओलसर राखावे.

वाचलेल्या दोन फांद्यांवरून ती जास्वंद पुन्हा भरण्यास तीन वर्षे लागली. वर सांगितलेल्या रीतीने छाटली गेल्यामुळे आता तिची फुले छातीएवढ्या उंचीवर, सहज खुडता येतील अशी, फुलतात. सिकेटर हाती घेण्यापूर्वी राखावयाच्या फांद्यांना सुतळी बांधावी, आणि सुतळी बांधलेली प्रत्येक फांदी पानांनी भरलेली आहे, याची खात्री झाल्यावरच पहिला काप घ्यावा.