डाकोटाच्या खिडकीत शिरलेला रंग

भारतीय टपालाच्या इतिहासात नागपूरच्या विमानतळाला मानाचे स्थान आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परत जात. आरंभीच्या काळात या कामी डाकोटा विमाने होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने प्रदर्शनासाठी या डाकोटाची प्लॅस्टिकची प्रतिकृती केली. प्रमाण १:७२. खऱ्या डाकोटाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर, म्हणून प्रतिकृतीचा ४० सेंटिमीटर. महिनाभर खपून त्याने सारे सांधे जुळविले. शेवटी वैमानिकाच्या खिडक्यांच्या पारदर्शक भागावर चिकटपट्टी लावली आणि मधल्या चौकटी ब्रशने रंगविल्या. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी पट्टी काढली, तर रंग पट्टीखाली शिरून काचेवर पसरलेला! "सर, आता काय करू?" असे त्याने विचारले. मी घाईने म्हणालो, "थिनरने पुसून टाक." त्याने पुसले आणि खिडकी दुधासारखी पांढुरकी झाली. मुलगा काही बोलला नाही. पण त्याचा चेहरा मी विसरलो नाही. चूक माझी होती आणि ती पदार्थविज्ञानाचीच होती. ती दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

रंग पट्टीखाली का शिरतो?

चिकटपट्टी आपल्याला घट्ट बसलेली दिसते. पण तिच्या कडेखाली कोठेतरी बारीक फट राहतेच. ही फट ०.०५ मिलिमीटर आहे असे समजू. दिव्याची वात ज्या कारणाने तेल ओढते, त्याच कारणाने ही फट रंग ओढते. यालाच आपण केशाकर्षण म्हणतो. रंगातील द्रवाचा पृष्ठताण दर मीटरला ०.०२५ न्यूटन धरला आणि रंग प्लॅस्टिकला पूर्ण भिजवितो असे मानले, तर या फटीतील ओढ सुमारे १००० पास्कल भरते. म्हणजे १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढी!

रंग किती आत जाईल हे मात्र केवळ ओढीवर ठरत नाही. रंगाची श्यानता, म्हणजे दाटपणा, त्याला अडविते. पाण्याच्या शंभरपट दाट असलेला रंग वरील फटीत एका सेकंदात सुमारे २ मिलिमीटर आत जातो. खऱ्या विमानाच्या मापात हे १४ सेंटिमीटरांहून अधिक झाले. खिडकीची चौकट कोठे आहे हेच मग कळेनासे होते.

येथे एक सोपा नियम लक्षात ठेवा. फट चौथ्या हिश्शाने उरली, किंवा रंग चौपट दाट झाला, किंवा तो ओला राहण्याचा वेळ चौथ्या हिश्शावर आला, तर रंगाने कापलेले अंतर निम्मे होते. कोणी विचारील, फट अरुंद झाली की ओढ वाढते ना? वाढते, परंतु प्रवाहाला होणारा अडथळा त्याहूनही अधिक वाढतो.

उपाय याच नियमातून निघतात. पट्टीची कड आगकाडीच्या मागच्या टोकाने दाबून बसवा, म्हणजे फट कमी होईल. रंग एकदम थापू नका. पातळ थर द्या आणि एक वाळल्यावर दुसरा द्या. पातळ थर लवकर वाळतो. सर्वांत चांगली युक्ती म्हणजे प्रथम पट्टीच्या कडेवर प्लॅस्टिकला न विरघळविणाऱ्या पारदर्शक वार्निशचा हात फिरविणे. जे शिरायचे ते वार्निशच शिरेल, फट बुजेल, आणि काचेवर ते दिसणारही नाही.

चिकटपट्टी आणि संत्रे

रंगकामाची चिकटपट्टी अमेरिकेत रिचर्ड ड्रू याने १९२५ साली तयार केली. मोटारींना दोन रंग देताना मधली रेघ स्वच्छ यावी, ही तेव्हाची अडचण होती. मोटारीचा पत्रा बराचसा सपाट असतो. डाकोटाच्या समोरच्या खिडक्याही जवळजवळ सपाट आहेत. पण आपल्या वायुसेनेचे नॅट विमान घ्या. त्याच्या वैमानिकावरील आवरण बुडबुड्यासारखे फुगीर. त्यावर रुंद पट्टी लावली की सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती म्हणजे रंगाला उघडे दार.

याचे कारण आपल्या नागपुरी संत्र्यात आहे. संत्र्याची साल न फाटता टेबलावर सपाट पसरून पाहा. जमणार नाही. सपाट कागद ताणल्याशिवाय गोलावर बसत नाही, हे गाउस या गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केले. म्हणून फुगीर आवरणाच्या कडेने दोन मिलिमीटर रुंदीच्या बारीक पट्ट्या लावाव्यात आणि मधला भाग मोठ्या तुकड्यांनी झाकावा.

थिनरने काय केले?

अशा प्रतिकृतींचे पारदर्शक भाग बहुधा पॉलिस्टायरिनचे असतात. अनेक थिनरांतील विद्रावक पॉलिस्टायरिनला विरघळवितात. पुसताना वरचा थर मऊ होतो, ओरखडतो आणि वाळताना त्याला सूक्ष्म तडे जातात. गुळगुळीत पृष्ठभागातून प्रकाश सरळ जातो. खडबडीत पृष्ठभाग त्याला सर्व दिशांना विखुरतो. म्हणून काच पांढरी दिसते. रंग पूर्ण वाळल्यावर दात कोरण्याच्या लाकडी काडीने तो हलकेच खरवडला असता, तर खिडकी वाचली असती. लाकूड पॉलिस्टायरिनपुढे मऊ ठरते.

करून पाहा

ध्वनिफितीच्या जुन्या कॅसेटची पारदर्शक डबी बहुधा पॉलिस्टायरिनचीच असते. तिच्यावर तीन पट्ट्या लावा. पहिलीची कड दाबू नका, दुसरीची दाबा, तिसरीची दाबून वर वार्निश द्या. वार्निश वाळल्यावर तिन्हींवर एकच रंग एकाच वेळी लावा. रंग बोटाला लागेनासा झाला की कडेवरून ब्लेड हलकेच फिरवून पट्ट्या मागे दुमडून सावकाश ओढा. भिंगातून पाहून शिरलेल्या रंगाचे अंतर मोजपट्टीने मोजा. थिनरची परीक्षा घ्यायची असेल तर तीही डबीच्या कोपऱ्यावर, खिडकी उघडी ठेवून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली घ्या.

आमच्या विद्यार्थ्याने पांढऱ्या खिडकीचीच डाकोटा प्रदर्शनात मांडली आणि शेजारी "खिडकी का बिघडली?" असा तक्ता लावला. लोक विमानापेक्षा तक्त्यापाशी अधिक वेळ उभे राहिले. तरीही मी तुम्हाला सांगेन : सल्ला माझ्यासारख्या प्राध्यापकाचा असला, तरी तो आधी टाकाऊ तुकड्यावर तपासा.