बेवारस पिलांना घर : सौंदड येथील एक छोटा अभ्यास

मराठीत ‘पाळीव’ आणि ‘बेवारस’ असे दोन शब्द आहेत. परंतु आपल्या खेड्यातील कुत्रा या दोहोंपैकी कशातही नीट बसत नाही. सौंदडच्या कोणत्याही गल्लीत सकाळी उभे राहावे. एक घर त्याला रात्रीचा उरलेला भात टाकते, दुसऱ्या घराच्या छपरीत तो झोपतो, तिसऱ्या घरची मुले त्याला नावाने हाक मारतात आणि चौथ्या घरच्या कोंबडीमागे लागला म्हणून तेथे तो काठी खातो. हा कुत्रा कोणाचा, असे विचारले तर उत्तर मिळते, “गावचा हाये.” मात्र तो आजारी पडला, गाडीखाली सापडला किंवा कोणाला चावला, की तो कोणाचाच नसतो. प्रस्तुत लेखात अशा प्राण्याला घर मिळवून देण्याच्या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही प्रथम तो तसाच वाटला होता.

भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड आपल्या भाषेने थट्टेसाठी घातली असली, तरी तीत निरीक्षण खरे आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपद-आश्विनात माजावर आलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. आपल्याकडे हे दिवस धान कापणीचे, म्हणजे माणसे दिवसभर बांध्यांत आणि थंडी दाराशी, असे असतात. सौंदड हे मुंबई-कोलकाता महामार्गावरील गाव. त्यामुळे या दिवसांत रस्त्याच्या कडेला पिलेही दिसतात आणि चिरडलेल्या आयाही. २०२४ च्या डिसेंबरात आम्हां तिघा विद्यार्थ्यांना महामार्गालगत एका बंद टपरीखाली पाच पिले सापडली. त्यांची आई आदल्या रात्री ट्रकखाली गेली होती. पिले महिनाभराची असावीत. दोन नर, तीन माद्या.

नर कसे गेले ते सांगण्यासारखे नाही, इतके ते सोपे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघेही लोकांनी मागून नेले. तिन्ही माद्या मात्र राहिल्या. ज्या दारी जावे तेथे एकच वाक्य ऐकावे लागे : “कुत्री नोको बाबू, दरसाल पिल्लं टाकंल. ते कोन पाहील?” या नकाराला निर्दयपणा म्हणून मी सुरुवातीस मनात रागावलो होतो. पुढे लक्षात आले, की हा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. एक कुत्री वर्षातून दोनदाही वितेल. त्या पिलांचे काय करावयाचे, याचे उत्तर गरीब घराजवळ नसते, आणि मग ती पिले पोत्यात घालून दूर कोठेतरी सोडली जातात. आम्हांला सापडलेली पिलेही अशाच एखाद्या जुन्या नकाराची नातवंडे असतील. तेव्हा बेवारस कुत्र्यांचा प्रश्न मुळात मादीचा प्रश्न आहे. जो कोणी मादी देऊ इच्छितो, त्याने तिच्या वंध्यीकरणाची हमीही सोबत द्यावयास हवी. एरवी त्याचे देणे म्हणजे आपल्या दारचे ओझे दुसऱ्याच्या दारी ठेवणे होय.

या विषयाला एक कायद्याचीही बाजू आहे आणि तिचा संबंध आपल्याच विभागाशी आला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नागपूर शहरापुरता असा आदेश दिला, की रस्त्यावरील कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालू नये. ज्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत, आणि आदेश मोडणाऱ्यास प्रत्येक वेळी २०० रुपयांपर्यंत दंड करावा. पुढच्याच महिन्यात, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने यास स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रा दत्तक घेतलाच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. नंतर मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम केले. त्यांत रस्त्यावरील कुत्र्यास ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले असून त्याचे वंध्यीकरण व रेबीजची लस ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर, म्हणजे नगरपालिकांप्रमाणे पंचायतींवरही टाकली आहे.

दोन्ही न्यायालयांचे म्हणणे मला आळीपाळीने पटले, हे कबूल करतो. घास टाकणारा प्रत्येक जण पालक होऊ शकत नाही. आमच्या गल्लीतील भात टाकणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर दंड बसवणे म्हणजे गावातील उरलीसुरली माया बंद करणे होय. परंतु नागपूरच्या आदेशामागील विचार अगदीच टाकाऊ नव्हता. नुसता घास टाकून आपण मोकळे होतो, आणि हे मोकळे होणे फार गोड असते. येथे महाभारताची आठवण होते. त्या ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या सरमेच्या पुत्राला विनाकारण मार बसतो आणि सरमा राजाला शाप देते. तर शेवटाकडे, महाप्रस्थानिकपर्वात, युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसण्यास नकार देतो. त्याने त्या कुत्र्याला वाटेत काही खाऊ घातले की नाही, याला कथेत महत्त्व नाही. आश्रयास आलेल्याला टाकून जाणार नाही, एवढेच तो म्हणतो. घर देणे आणि घास देणे यांतील फरक याहून स्पष्ट कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही.

इतिहासही अगदी थोडक्यात पाहू. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजही त्यास मिळाले आणि बाजार बंद पडला. पुढे १८७४ मध्ये तेथे प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली व दिनशा माणकजी पेटिट यांच्या दातृत्वातून परळचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. मद्रासेत कॅप्टन सुंदरम यांनी १९५९ मध्ये ब्लू क्रॉस ही संस्था काढली; मारून कुत्री कमी होत नाहीत, जन्म रोखले पाहिजेत, हा विचार तिने चिकाटीने मांडला. मुंबईतही १९८५ पासून रस्त्यावरील कुत्र्यांचे वंध्यीकरण, उपचार व दत्तकविधान यांसाठी वेगळी संस्था काम करीत आहे. परंतु ही सर्व शहरांची कथा झाली. खेड्यात संस्था नसते. तेथे दोन-चार माणसे आणि एखादा पशुवैद्यक असतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. मित्रहो, पिलू उचलण्यापूर्वी स्वतःचा विचार करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, आणि पिलालाही हा रोग असू शकतो. दात किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखमेवर चुना, तिखट भरण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे. ज्यांना हे काम नेहमी करावयाचे आहे त्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेणे शहाणपणाचे.

महिन्याच्या पिलाला गाईचे भरपूर दूध पाजणे ही सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत सामान्य चूक होय. त्याने हगवण लागते. मऊ भात, थोडे दही, उकडलेले अंडे यांवर आमची पिले सावरली. जंताचे औषध लवकर द्यावे लागते; सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास डिस्टेंपर व पार्वो या रोगांची लस आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची. आम्ही यांतील दुसऱ्या गोष्टीत उशीर केला. पैसे गोळा होईपर्यंत थांबू, असे मीच म्हटले होते. पांढऱ्या ठिपक्यांच्या मादीला रक्ती हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली. त्या चार दिवसांत जो खर्च झाला त्यात तिघींच्या लसी दोनदा झाल्या असत्या.

लसीचे महत्त्व आपल्या भागात आणखी एका कारणाने आहे. सौंदडचा हा महामार्ग नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधून जातो. २०१३ मध्ये ही जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यापुरता राहत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीचे सुमारे एक तृतीयांश सिंह या रोगाने मेले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींत हाच विषाणू आढळला. जंगलाकाठच्या गावात कुत्र्याला टोचलेली सुई अशी दूरवर पोचते. बिबट्या कुत्र्यांसाठी गावाशी येतो, हे तर येथे कोणास सांगावयास नको.

उरल्या दोघी : एक तांबडी, एक काळी. तांबडीला नऊ आठवड्यांची असताना एका कुटुंबाने नेले. त्यांनी फार गोड शब्दांत मागणी केली. लेकरासारखी ठेवू म्हणाले. मी “खायला घालाल ना?” एवढेच विचारले आणि घरी येऊन समाधानाने झोपलो. होळीच्या सुमारास सहज त्या बाजूला गेलो, तर घराला कुलूप होते. माणसे कामासाठी बाहेरगावी गेली होती. तांबडी अंगणात, गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा, अंगाची हाडे मोजावीत अशी. शेजारची बाई कधीमधी भाकर टाकी, म्हणून ती जिवंत होती. त्या कुटुंबाला मी दोष देत नाही. पोट कुत्र्यासाठी थांबत नाही. दोष माझ्या प्रश्नाचा होता. आपल्याकडे वर्षातले काही महिने घरेच्या घरे रिकामी होतात, हे मला काय ठाऊक नव्हते? तरीही ‘तुम्ही नसाल तेव्हा कोण पाहील?’ हा प्रश्न मला सुचला नाही. सोपे गेलेल्या त्या नरांचीही मग चौकशी केली. एक राईस मिलवर मजेत आहे. दुसरा चैत्राआधीच रस्त्यावर मेला होता.

काळीची गोष्ट उलट झाली. एका आजींकडे आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी पिलाकडे पाहिलेही नाही. उलट आम्हांलाच विचारले, “आपरेशनचे पैसे कोन देईल? सुई कवा टोचायची? रोवणीत मी दिवसभर शेतावर असतो, तवा हिला आत बंद करू का मोकळी ठेवू? अन् मी मेली तं?” मी थोडा खट्टू झालो. बरोबरच्या मैत्रिणीने मात्र परत येताना सांगितले, “हेच घर.” तिचे खरे ठरले. आजींनी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधले : शेजारच्या पुतण्याला त्यांनी आमच्यासमोर बोलावून कबूल करवून घेतले. सहा महिन्यांनी काळीचे वंध्यीकरण झाले. खर्च आम्ही वर्गणीतून केला. ती आजींच्या मागे धुऱ्यावरून चालते, माणसांच्या पंगतीत शिरत नाही, आणि रात्री छपरीत झोपते. शहरातील पुस्तके कुत्र्याला घरात घ्या म्हणतात. येथे चांगले घर म्हणजे छपरी, पाणी, वेळेवर सुई आणि हाक मारणारे एक ठरावीक माणूस.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. जो पिलाचे कौतुक करतो त्याला आठ दिवस थांबवतो; जो अडचणी विचारतो त्याच्याशी त्याच दिवशी बोलतो. दिल्यानंतर पंधरवड्याने, दोन महिन्यांनी आणि शेतीच्या हंगामात एकदा, असे न सांगता जाऊन येतो. आणि नाहीच जमले तर कुत्रा आमच्याकडेच परत द्यावा, रागावणार नाही, हे आधीच सांगतो. या शेवटच्या वाक्याने लोकांना धीर येतो, असा अनुभव आहे.

तांबडी परत आल्यापासून आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात राहते, हे वाचकांपैकी बहुतेकांना माहीत आहे. तिचे वंध्यीकरण व लस झाली असून त्याची खूण म्हणून डाव्या कानाला खाच आहे. तिला येथे सर्वांचा घास मिळतो, म्हणजे ती पुन्हा ‘गावची’ झाली. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवारागृहात ठेवावीत व त्याच जागी परत सोडू नयेत, असा आदेश दिला. त्याच वर्षी २२ ऑगस्टच्या आदेशात दत्तक घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली होती. मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची, असेही बजावले होते. आवारात शेकडो मुलांची ये-जा असते, चावण्याची भीती खोटी नाही. त्यामुळे या आदेशावर मी रागावू शकत नाही. तांबडी कोणाला चावलेली नाही, पण हे उत्तर प्रत्येक कुत्र्याबद्दल त्याच्या ओळखीचे लोक देतातच. निवारागृहापेक्षा तिला घर बरे, एवढेच मला समजते.

परवा ग्रंथालयाजवळ एका सरांनी मला थांबवून विचारले, ती फटफटीला भिते काय, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही गावी गेलो तर तिच्याकडे कोण पाहील. फटफटीला ती भिते, असे मी खरे ते सांगितले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून माझ्या घरचा पत्ता लिहून दिला. रविवारी ते कुटुंबासह तिला पाहण्यास येणार आहेत.