वादळानंतरची आवराआवर आणि घरातले कागद

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. काही तासांत माड-पोफळी आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. कोरोनाचे दिवस असल्याने परगावच्या मुलांना लगेच गावी पोचणेही अवघड होते. आवराआवर गावातल्या म्हाताऱ्या माणसांवर आली आणि बाकीच्यांच्या वाट्याला फोन आला.

झाशीत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचे मूळ घर महाराष्ट्रात असते. झाशीचे नेवाळकर घराणेसुद्धा मुळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचे. तेव्हा असे धरून चला की तुम्ही झाशीत नोकरीला आहात आणि श्रीवर्धन तालुक्यात तुमचे दहा गुंठ्यांचे सामायिक आगर व कौलारू घर आहे. घरात काकू एकट्या असतात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो: पडवीची कौले गेली, अकरा माड पडले, विहीर पाल्याने भरली. त्याच फोनवर पुतणीचे लग्न ठरल्याचेही कळते. काकांना जाऊन दीड वर्ष झाले, सातबाऱ्यावर मात्र त्यांचेच नाव आहे, हे काकू सांगत नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखे वाटतच नाही.

आपल्याकडे पाहुणे यायच्या आधी अंगण झाडायची सवय असते. वादळानंतर हीच सवय नडते. काकूंना पहिले सांगायचे ते हे, की फोटो काढल्याशिवाय काही हलवू नका. पडलेला प्रत्येक माड बुंध्यासकट, उघडे पडलेले छप्पर आतून आणि बाहेरून, भिजलेले धान्य, बंद पडलेला पंप, सगळ्याचे फोटो घ्या. वाट मोकळी करणे आणि छपरावर ताडपत्री टाकणे एवढे लगेच करावे. बाकीचे लाकूड पंचनामा होईपर्यंत गडग्याशी रचून ठेवावे. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, तेव्हा घरचे कोणीतरी हजर असावे. नोंदवलेल्या झाडांची संख्या आपल्या मोजणीशी जुळवून मगच सही करावी.

आता पैशांचे. निसर्गनंतर राज्य सरकारने बागायतीची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार रुपये केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे हाती येणार सुमारे 5 हजार. सातबाऱ्यावर पाच हिस्सेदार असतील तर माणशी हजार. नवा माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. सरकारी मदतीला नावे ठेवण्यासाठी हा हिशोब मांडलेला नाही. एवढ्या रकमेवरून चुलत भावांनी अबोला धरू नये, आणि फक्त तिच्यावर विसंबूनही राहू नये, एवढ्यासाठी तो आहे.

हे हजार रुपयेसुद्धा अडतात, कारण मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते आणि ज्यांचे नाव आहे ते काका हयात नाहीत. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे जमीन महसूल कायद्याचे कलम 149 सांगते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम वाढते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करा. फेरफार मंजूर होईपर्यंत हरकतीची मुदत जाते, म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरकलेले बरे. सामायिक खात्यात एकाच्या नावावर रक्कम घ्यायची असेल तर इतरांची संमतीपत्रे लागतात. लग्नाला सगळे हिस्सेदार एकत्र येणारच आहेत, तेव्हाच सह्या घ्याव्यात. मांडवात कागद काढणे काहींना बरे दिसणार नाही, पण पुन्हा सगळे एका ठिकाणी कधी भेटतील? ज्यांची जमीन झाशीकडे आहे त्यांनी सातबाऱ्याऐवजी खतौनी आणि तलाठ्याऐवजी लेखपाल असे वाचावे.

घराच्या विम्याबद्दल खातेदार सहसा विचारत नाहीत. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. वादळ आणि पूर तिच्यात धरलेले आहेत, आणि पडझडीचा ढिगारा हटवण्याच्या खर्चासाठी दाव्याच्या रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. आगरातल्या झाडांना मात्र ती लागू नाही. नुकसान होताच कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत छप्पर पूर्ण उतरवू नये.

दुसरा विमा माणसाचा. वादळानंतर ओल्या छपरावर चढून आणि अर्धवट तुटलेले झाड तोडताना माणसे जायबंदी होतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. 18 ते 70 वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास 2 लाखांचे संरक्षण मिळते. वर्ष 1 जून ते 31 मे असे चालते आणि हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो. निसर्ग आले ते त्या विमा वर्षाच्या तिसऱ्या दिवशी. मे महिन्यात खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही, आणि हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

छप्पर आणि लग्न दोन्ही एकाच महिन्यात आले की मुदत ठेव मोडण्याचा विचार येतो. मोडण्याआधी शाखेत ठेवीवरच्या कर्जाची चौकशी करा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो, ठेव चालू राहते आणि जमेल तसे कर्ज फेडता येते. ठेव पुढच्या दोन-तीन महिन्यांतच पिकणार असेल तर हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. मुदत बरीच बाकी असेल आणि फेडायला उत्पन्न नसेल, तर ठेव मोडलेली बरी.

फोन ठेवण्यापूर्वी काकूंना पासबुक काढायला सांगा. मदतीची रक्कम त्यांच्या खात्यात यायची असेल तर आधार जोडलेले हवे, केवायसी पूर्ण हवे आणि खाते चालू हवे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय धरले जाते. काकांसोबतचे संयुक्त खाते असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह त्यांचे नाव कमी करायचा अर्ज द्यावा आणि त्याच दिवशी नामनिर्देशन नव्याने भरावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते. तिची मालकी वारसांचीच राहते, हे त्या चौघांनाही आधीच सांगून ठेवावे.