लीन म्हणजे खलाशी कमी करणं नव्हे

‘लीन’ हा शब्द निघाला की जेटीवर दोनच गोष्टी ऐकू येतात. खलाशी म्हणतो, "आता आमची माणसं काढणार." मालक म्हणतो, "ते कारखान्याचं, आपल्याला काय त्याचं?" म्हणून आज जरा मुळापासून बघूया.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात टोयोटा कंपनीकडे पैसाही कमी, सामानही कमी. तेव्हा ताइइची ओनो यांनी काम कुठे वाया जातं ते शोधायला सुरुवात केली. ‘लीन’ हे नाव पुढे 1988 साली जॉन क्राफचिक यांच्या लेखातून आलं.

समज 1: लीन म्हणजे माणसं कमी.
ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, उगाच वाहतूक, नको ते काम, जास्त साठा, उगाच हालचाल आणि खराब माल. यात माणूस कुठेच नाही. उलट टोयोटात चूक दिसली की साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो. आपल्या बोटीवर खलाशी "बर्फ कमी पडतोय" म्हणाला, तर तांडेल ऐकतो का?

समज 2: लीन म्हणजे हात भरभर चालवणं.
क्रेट पाच मिनिटांत भरला आणि तासभर गाडीची वाट बघत उन्हात राहिला, तर घाई काय कामाची? बांगड्याला ऊब लागली की त्यात हिस्टामाइन तयार होतं. मग वरून बर्फ घाला नाहीतर शिजवा, ते जात नाही.

समज 3: साठा ठेवायचाच नाही.
2011 च्या भूकंपानंतर खुद्द टोयोटाने चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. आपल्या उष्ण हवेत किलोभर मासळीला किलोभर बर्फ लागतो. बर्फ, इंजिनाचे सुटे भाग, लाइफ जॅकेट यांत केलेली काटकसर म्हणजे लीन नव्हे, तो धोका आहे.

करून बघा: पुढच्या फेरीला वहीत चार वेळा लिहा. बोट कधी लागली, पहिला क्रेट कधी उतरला, लिलाव कधी झाला, गाडी कधी सुटली. जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला, तिथे "का?" विचारा. उत्तर मिळालं की पुन्हा "का?" असं पाच वेळा. दोष माणसाला देऊ नका, अडलं कुठे ते शोधा.

आणि हो, विचारताना खलाशांना आणि मासळी विकणाऱ्या बायकांना सोबत घ्या. कुठे अडतं ते त्यांनाच आधी कळतं.