‘राखीव’ या शब्दाविषयी

‘राखीव’ हा शब्द ‘राखणे’ या क्रियापदापासून आला आहे. आपल्या जिल्ह्यात धानाची राखण होते, तलावाच्या पाण्याचीही होते. मात्र राखणारा कोण आणि कोणासाठी, हे शब्द स्वतः सांगत नाही. इंग्रजी अमदानीत जंगल ‘राखीव’ झाले तेव्हा राखणारे सरकार होते, आणि मोहफूल व सरपण यांवरचा गावाचा हक्क परवानगीवर येऊन ठेपला. ‘राखीव जागा’ याच्या उलट कार्य करते. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांना ती आत घेते.

आपल्या विद्यार्थ्यांना हा शब्द बहुधा टोमणा म्हणूनच भेटतो : “तो तर राखीवमधून लागला.” पाठोपाठ “आरक्षण दहाच वर्षांचे होते” हेही ऐकवले जाते. अशा वेळी संविधान उघडून दाखवावे. लोकसभा व विधानसभा यांतील राखीव जागा कलम ३३० व ३३२ मध्ये आहेत, आणि कलम ३३४ ची दहा वर्षांची मुदत होती ती या जागांना. ती वाढत वाढत आता २०३० पर्यंत आली आहे. नोकऱ्यांविषयीचे कलम १६(४) आणि १९५१ साली जोडलेले शिक्षणविषयक कलम १५(४) यांत मुदतच नाही.

राजकीय जागेतील खरी मेख मात्र वेगळी आहे, आणि ती भंडाऱ्याने जवळून पाहिली आहे. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतील जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. म्हणजे जागा राखीव राहिली, मत राखीव राहिले नाही.

१९५४ साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत येथे द्विसदस्य मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. संविधानाचे शिल्पकार आपल्याच समाजासाठी राखलेल्या जागेवर पराभूत झाले. निकाल ठरवणारे मतदार सर्व समाजांचे होते.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. आज भंडारा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तरीही “ही आपली जागा” असे कोणी म्हणाले की आम्ही विचारतो : उमेदवार आपला, पण त्याला तिकीट कोणी दिले आणि तो मते कोणाकडे मागतो?