तंबोरा कुठे गेला?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाने मासिक श्रवणसत्रांसाठी नवी ध्वनियंत्रणा घेण्याचे ठरविले. निवडीचे काम माझ्याकडे आले. विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून जमलेले पंचवीस हजार रुपये हाताशी होते. मी पुष्कळ वाचले, दोन-तीन दुकाने पालथी घातली आणि मोठ्या आत्मविश्वासाने यादी केली : सबवूफर अकरा हजारांचा, रूपांतरक, म्हणजे बाजारात ज्याला ‘डॅक’ म्हणतात तो, नऊ हजारांचा, आणि उरलेल्या पाच हजारांत स्पीकरची जोडी. पहिल्याच सत्रात एका गायकाचा काळी एकमधला ख्याल लावला. सत्र संपल्यावर आमचे निवृत्त संगीताचे सर जागेवरून उठले आणि म्हणाले, “आवाज मोठा झाला खरा, पण तंबोरा कुठे गेला गं?”

मला उत्तर देता आले नाही. वर्गणी देणारे मित्र समोर बसले होते, त्यामुळे तो प्रश्न फक्त रसिकतेचा राहिला नव्हता. हिशेबाचाही झाला होता. पुढचे दोन महिने मी त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून जे शिकले ते पुढील वर्षी मंडळाचा कार्यभार घेणाऱ्यांच्या, तसेच घरी किंवा कचेरीत ऐकण्यासाठी काही विकत घेऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

प्रथम तंबोऱ्याकडेच वळू. पुरुष गायक काळी एकमध्ये गातो तेव्हा त्याच्या मध्य षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १३९, म्हणजे १३९ हर्ट्झ असते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ह्याच स्वराला मिळविलेल्या असतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारे ६९ हर्ट्झ. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण १०४ हर्ट्झवर येतो. परंतु तंबोरा म्हणजे केवळ हे मूळ स्वर नव्हेत. घोडीच्या विशिष्ट गोलाव्यामुळे आणि जवारीच्या दोऱ्यामुळे प्रत्येक तारेतून असंख्य स्वरांश उमटतात व त्यांची मालिका काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते. तार जेथे छेडली जाते त्या जागेमुळे काही स्वरांश उमटूच नयेत, असा साध्या तारेचा नियम आहे. वीणा आणि तंबोरा हा नियम मोडतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ सालच्या निबंधात दाखवून दिले होते. तेव्हा तंबोरा नीट ऐकू यायचा असेल तर यंत्रणेला ६९ हर्ट्झचा पायाही पेलता आला पाहिजे आणि जवारीचा कळसही.

ह्या कसोटीवर आमची खोली तपासायला घेतली. पहिला प्रयोग अगदी सोपा होता. सबवूफर बंद केला. काय आश्चर्य! तंबोरा थोडासा परत आला. ह्याचे कारण असे, की मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतो. कानाचा हा गुणधर्म उलट दिशेने तितका जाणवत नाही. आमच्या सबवूफरच्या मागची कळ मी उत्साहाच्या भरात १५० हर्ट्झवर फिरविली होती. त्यामुळे तो खर्जाच्या पुढे जाऊन गायकाच्या षड्जावरही बसला होता आणि डग्ग्याचा घुमारा सगळ्यावर पसरत होता. साधारणतः ही मर्यादा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहजी कळत नाही, म्हणून पेटी कोपऱ्यात असली तरी गाणे समोरूनच आल्यासारखे वाटते.

दुसरा प्रयोग स्पीकरचा. जागा वाचावी म्हणून आम्ही ते लोखंडी कपाटावर चढवून ठेवले होते. स्पीकरमधील लहान पडदा, ज्याला ट्विटर म्हणतात, तो उंच स्वर विजेरीच्या झोताप्रमाणे समोर फेकतो; खालचे स्वर मात्र दिव्याच्या उजेडासारखे चहूकडे पसरतात. आमची जवारी श्रोत्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे जात होती. दोन स्टुलांवर स्पीकर कानांच्या उंचीला आणले, भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले आणि श्रोत्यांकडे किंचित वळविले. ह्याला एक पैसाही खर्च आला नाही, आणि खरेदीच्या सगळ्या यादीने जो फरक पाडला नव्हता तो ह्या हलवाहलवीने पाडला.

तरीही सर म्हणत, “खर्ज अजून मिळत नाही.” मागच्या बाकावरची मुले मात्र खर्ज फार घुमतो अशी तक्रार करीत. एकाच खोलीत दोन साक्षी! हे कोडे गणिताने सुटले. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आपटतो आणि ठराविक कंपनसंख्यांना तो जागच्या जागी उभा राहिल्यासारखा होतो. आमच्या खोलीची खोली १६ फूट, म्हणजे सुमारे ४.८८ मीटर. वेगाला ह्या अंतराच्या दुपटीने भागले की ३५ येतात. ही पहिली उभी लहर. दुसरी तिच्या दुप्पट, ७० हर्ट्झ. जवळजवळ नेमकी काळी एकच्या खर्जावर! ह्या दुसऱ्या लहरीचा जोर भिंतींलगत आणि मध्यभागी सर्वांत जास्त असतो, तर भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे आमच्याकडे चार फुटांवर, तो जवळजवळ नाहीसा होतो. सरांची खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फुटांवर होती आणि मुले भिंतीला टेकून बसत. दोघेही खरे बोलत होते.

ह्यावर उपाय काय? सबवूफरची जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. ती पेटी श्रोत्याच्या जागी ठेवायची, खर्जाचे संगीत लावायचे आणि आपण भिंतीलगत रांगत जायचे. जेथे खर्ज सर्वांत एकसारखा व नेमका ऐकू येईल तेथे पेटी ठेवायची. ध्वनीचा हा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे ही अदलाबदल चालते. मी रांगत असता दोन प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले होते, हे नमूद करून पुढे जाते. अखेर सबवूफर कोपऱ्यातून काढून बाजूच्या भिंतीलगत, समोरच्या भिंतीपासून चार फुटांवर ठेवला. लहर जेथे क्षीण असते तेथूनच आवाज सोडला तर ती फारशी उसळत नाही. सरांची खुर्ची दोन फूट पुढे घेतली आणि मुलांचा बाक भिंतीपासून सोडविला.

आता प्रश्न उरला नऊ हजारांच्या रूपांतरकाचा. संगणकात किंवा फोनमध्ये गाणे आकड्यांच्या स्वरूपात असते; त्या आकड्यांतून विजेची लहर घडविणे हे रूपांतरकाचे काम. ते प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक संगणकात मुळातच होत असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येक १६ बिटांचा. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा नाद त्यातून पुरेपूर परत मिळतो, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंत. माणसाचा तरुण कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर वरची बाजू आधी कमी होत जाते. १६ बिटांमुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबेलचे अंतर मिळते. पंख्याच्या घरघरीत बसलेल्या श्रोत्याला ह्याहून अधिकाचा उपयोग कोठे व्हावा?

मग दुकानात तो रूपांतरक मला इतका सरस का वाटला? ह्याचेही उत्तर सापडले. असा स्वतंत्र रूपांतरक साधारण २ व्होल्टचा संकेत बाहेर देतो. लॅपटॉपच्या छिद्रातून पुष्कळदा १ व्होल्टच्या आसपास मिळतो. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबेल अधिक आवाज. थोडा मोठा आवाज कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो, आणि तेथेच मी फसले. नंतर आम्ही दोन्हींचा आवाज सारखा करून, पडद्यामागे एका मैत्रिणीला बसवून, वीस वेळा अदलाबदल करून पाहिली. सरांची अकरा उत्तरे बरोबर आली, माझी नऊ. नाणे उडविले असते तरी असेच काही आले असते. आमचा प्रयोग घरगुती होता. परंतु मेयर आणि मोरन ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष ह्याच वळणाचा आहे. अधिक बिटांचे ध्वनिमुद्रण सरळ ऐकविले काय आणि मध्ये सीडीच्या दर्जाची गाळणी घालून ऐकविले काय, पाचशेहून अधिक फेऱ्यांत बरोबर उत्तरे निम्मीच आली.

ह्याचा अर्थ रूपांतरक नेहमीच निरुपयोगी असतो असा नाही. संगणकाच्या स्वतःच्या ध्वनिमार्गात किरकिर येत असेल, उंदीर हलविला की स्पीकरमध्ये खरखर होत असेल, तर बाहेरचा रूपांतरक हा खरा इलाज आहे. ज्या फोनला कानयंत्राचे गोल छिद्रच नाही त्यालाही तो लागतोच. मात्र बोटभर लांबीचा स्वस्त तुकडाही हे काम नीट करतो. आवाजात सतत जाड गुणगुण असेल तर तो मात्र बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा दोष असतो. अशा वेळी सर्व उपकरणे एकाच बोर्डावर लावून पाहावीत. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे. तो कोणीही करू नये.

घर आणि कचेरी ह्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. घरच्या १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीत पहिल्या उभ्या लहरी सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झवर येतात. तेथे मोठा सबवूफर आणणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे. शिवाय खर्ज भिंतींतून शेजाऱ्यांकडे जातो. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबेलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. ख्याल, नाट्यगीत, भावगीत ऐकणाऱ्याला साडेपाच-सहा इंची पडद्याचे चांगले स्पीकर पुरतात, कारण त्यांची मजल बहुधा ५०-६० हर्ट्झपर्यंत जाते. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आहे. तो किंवा चित्रपटांतील गडगडाट ज्याला हवा त्याने सबवूफर जरूर घ्यावा, पण आधी त्याच्यासाठी जागा शोधावी.

माझा थोरला भाऊ कचेरीत मेजावर स्पीकर ठेवून हळू आवाजात ऐकतो. “दादा, तुला खर्ज का मिळत नाही ठाऊक आहे?” असे मी त्याला विचारले आणि फ्लेचर व मन्सन ह्यांच्या १९३३ सालच्या संशोधनाची गोष्ट सांगितली. आवाज हळू केला की खालचे स्वर कानाला इतर स्वरांपेक्षा फार लवकर मंद वाटू लागतात. दोष स्पीकरचा नसतो. मेजावर श्रोता हात-दीड हातावर असल्याने तीन-चार इंची स्पीकर पुरतो, खोलीचा उपद्रवही कमी होतो. फक्त तो किंचित वर तोंड करून कानांकडे रोखावा. सहकारी शेजारी बसत असतील तर कानयंत्र उत्तम. त्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेली मर्यादा, ८० डेसिबेलला आठवड्यास ४० तास, आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी.

तर खरेदीचा क्रम असा असावा. आधी खोली आणि बसण्याची जागा पाहावी. ती फुकट असते. मग बहुतांश पैसे स्पीकरवर खर्चावेत, कारण विजेचे हवेतील कंपनांत रूपांतर होताना जितकी मोडतोड होते तितकी साखळीत दुसरीकडे कोठेही होत नाही. परिचयाचे एकच ध्वनिमुद्रण, सारख्याच आवाजात आणि शक्य तर पेटी न पाहता ऐकावे. टूल आणि ऑलिव्ह ह्यांनी १९९४ साली दाखविले आहे, की स्पीकर डोळ्यांना दिसत असले म्हणजे अनुभवी श्रोत्यांचेही मत बदलते. सबवूफर त्यानंतर, उणीव जाणवली तरच. रूपांतरक शेवटी, किरकिर ऐकू आली तरच. माझी यादी ह्याच्या बरोबर उलट होती.

मंडळाच्या सभेत मी हा हिशेब मांडला. रूपांतरक आता ग्रंथालयातील श्रवणमेजावर आहे. तेथील संगणक खरोखरच किरकिरत होता. स्पीकर अजून तेच पाच हजारांचे आहेत, आणि पुढील वर्गणी जमेल तेव्हा ते आधी बदलावेत अशी माझी शिफारस आहे. परवाच्या सत्रात तोच ख्याल पुन्हा लावला. गायकाने पहिला षड्ज लावण्यापूर्वी नुसता तंबोरा वाजत होता. सरांनी डोळे मिटले होते. ह्या वेळी त्यांनी काही विचारले नाही.